येगया विदर्भ

मी एक जुना कापडी फलक आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर बोलून बोलून दमलो आहे. तुम्ही म्हणाल, फलक कुठे बोलतो? अरे बाबांनो, फलकाला दुसरं काम तरी काय असतं? माणूस एक घोषणा देतो आणि पाणी पिऊन गप्प बसतो. माझ्याकडून मात्र जन्मभर एकच वाक्य वदवून घेतलं. ते वाक्य म्हणजे, वेगळा विदर्भ झालाच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्राच्या पूर्वेकडचे अकरा जिल्हे म्हणजे विदर्भ. त्यांचं निराळं राज्य व्हावं असं काही लोकांना फार वर्षांपासून वाटतं, काहींना अजिबात वाटत नाही, आणि बऱ्याच जणांना आज विहिरीवरच्या मोटारीला वीज मिळेल का एवढीच काळजी असते. एक मेला गावोगाव महाराष्ट्र दिन साजरा होतो, तेव्हा ही वेगळं राज्य मागणारी माणसं दंडाला काळी फीत बांधून रस्त्याच्या कडेला उभी राहतात. आमचे उत्तमराव त्यातलेच.

उत्तमराव दुसरबीडचे शेतकरी. बुलढाणा जिल्हा विदर्भाचा अगदी पश्चिमेचा, आणि दुसरबीड त्याच्याही काठावर. इथून एसटीत बसलं की नीट डुलकी लागायच्या आत जालना जिल्हा येतो, तो मराठवाड्यात. म्हणजे उद्या खरंच राज्य झालं तर त्याची सरहद्द आमच्या दारावरूनच जायची. आणि उत्तमरावांच्या बायकोचं, गोजरबाईचं माहेर होतं सरहद्दीच्या पलीकडे.

माझी गंमत तिथूनच सुरू होते. मी मूळचा त्या माहेरचाच. जाड मांजरपाट. दिवाळीला भावाने बहिणीला दिला, गादीला खोळ शिवायला. मी पेटीत घडी होऊन पडलो होतो आणि कुणीतरी माझ्यावर सुखाने झोपेल या आशेवर होतो. एके दिवशी उत्तमरावांनी कुणाला न विचारता मला उचललं, पिशवीत कोंबलं आणि घेऊन गेले. गोजरबाईला कळलं तेव्हा ती उंबऱ्यातच बसली.

"माह्या माहेरच्या कापडावर मलाच माहेरापासून तोडायचं लिहिता व्हय?"

"अगं, मधी काय भिंत बांधणार हायेत का?"

"भिंत नाही बांधायची, तर वेगळं कशाला व्हायचं?"

उत्तमराव पायात चपला सरकवून बाहेर पडले.

मला रंगवलं नांदुऱ्याच्या इंद्रभान पेंटरने. बुलढाण्याच्या एका मोर्चात त्याची आणि उत्तमरावांची ओळख झाली, एका शिदोरीवर दोघे जेवले आणि दोस्ती जमली ती जमलीच. इंद्रभान दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात असा सुरेख की अक्षरावरून नजर हटू नये. त्याने मला अंगणात ताणून बांधलं, तोंडाने घोषणा म्हणत म्हणत लाल रंगाची ठसठशीत अक्षरं काढली आणि लांब उभं राहून खूश होऊन पाहिलं. माझ्यावर लिहिलं होतं, 'येगया विदर्भ झालाच पाहिजे'.

आता हे समजून घ्या. आमच्या जिल्ह्यात एक घाट आहे. घाटाखालचे लोक डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया म्हणतात, तसं वेगळ्याला येगया. नांदुरा घाटाखाली. इंद्रभान तोंडाने जे म्हणत होता तेच त्याच्या कुंचल्यातून उतरलं. दुसरबीड घाटावर, इथे असं कुणी बोलत नाही.

पहिल्याच एक मेला दुसरबीडच्या फाट्यावर दोघे मला दोन काठ्यांना बांधून उभे राहिले. जालन्याकडून आलेली एसटी थांबली. खिडकीतून एका म्हाताऱ्याने मला मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "ह्यो येगया विदर्भ कोण म्हणायचा? कोणत्या पक्षाकडून उभा हाय? निशाणी काय?"

सगळी गाडी हसली. इंद्रभान तर पोट धरून हसला. उत्तमरावांचं तोंड मात्र उतरलं.

"हे काय लिवलं बे तू?"

"काऊन? बराबर त लिवलं."

"पुण्या-मुंबईचे लोक पाहतील अन् म्हणतील, ह्यांना एक शब्द नीट लिहिता येत नाही आन राज्य मागायला निघाले."

"म्हनू दे. आपल्या बोलीले हासतात म्हनूनच त येगयं मागून राह्यलो ना आपन? मंग तीच बोली काऊन लपवाची?"

"आपली कशाची? ती तुमची घाटाखालची. आमच्याकडं कोण म्हणतं येगया?"

"असं? मंग तुमचं अजून एक येगयं राज्य मांगा!" इंद्रभान हसत म्हणाला. पण उत्तमरावांना ते लागलं.

घरी आल्यावर त्यांनी दुसऱ्या पेंटरकडून एका तुकड्यावर 'वेगळा' असं शुद्ध लिहून आणलं आणि गोजरबाईकडून तो तुकडा 'येगया'वर शिवून घेतला. तिने जाड दोऱ्याचे टाके असे घट्ट घातले की काय सांगू. मला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी इंद्रभान आला, घडी उलगडली, ठिगळ पाहिलं. त्याने हातातली काठी हळूच जमिनीवर ठेवली.

"माहा शब्दच काहाडला तू?"

"शब्द नाही, चूक काढली."

इंद्रभान तिथूनच वळला. नांदुऱ्याकडची गाडी पकडून निघून गेला. त्यानंतर तो दुसरबीडला आला नाही आणि उत्तमराव नांदुऱ्याला गेले नाहीत. दोघांनाही वाटायचं, त्याने आधी बोलावं. एवढी वर्षं गेली यात.

माझं काम चालूच राहिलं. दुसरी काठी कधी हा धरी, कधी तो. माझ्याखाली उभं राहून पुढाऱ्यांनी छातीठोक भाषणं केली, निवडून आले आणि मग असे गप्प झाले की जणू दातखीळ बसली. नागपूरच्या अधिवेशनाला मी थंडीत कुडकुडलो. मधल्या काळात छत्तीसगड झालं, झारखंड झालं, उत्तराखंड झालं. मग तेलंगण झालं तेव्हा उत्तमरावांनी गावात पेढे वाटले. "आता आपलाच नंबर," म्हणाले. गोजरबाईने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी पाळणा हलला की तुम्हीच घुगऱ्या वाटा." टीव्हीवर कधी बुंदेलखंडाचं नाव निघे, कधी गोरखालँडचं. उत्तमराव कान टवकारून ऐकायचे, कुणी रांगेत आपल्या पुढे घुसतंय की काय, अशा काळजीने.

मग दुसरी काठी धरणारेही संपले. कुणी वारलं, कुणी मुलाकडे शहरात गेलं, कुणी म्हणालं, पुरे आता. मला सोयाबीनच्या पोत्यांवर टाकलं. एका बारशाला मी मांडवाची कनात झालो आणि जेवणाऱ्यांनी मला हात पुसले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण रागावण्याचंही त्राण नव्हतं. उन्हाने लाल अक्षरं विटकरी झाली होती आणि आमचे उत्तमरावही तसेच झाले होते.

यंदा उन्हाळा लागताना नांदुऱ्याहून फोन आला. इंद्रभानची मुलगी धम्मशीला बोलत होती. इंद्रभान गेला. उत्तमराव पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकसभेला, नांदुऱ्याला गेले. जाताना मला पिशवीत घालून नेलं. का नेलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिथे सगळ्यांमागे सतरंजीच्या कोपऱ्यावर बसले. निघताना धम्मशीला जवळ आली.

"काका, तुमी दुसरबीडचे उत्तमकाका ना? बाबा दर एक मेले सकायपासून टीव्हीसमोर बसत. म्हनत, दुसरबीडचं कोनी दाखवतात काय ते पाहू दे."

परतीच्या गाडीत उत्तमरावांनी पिशवी छातीशी धरली होती. इतकी वर्षं वाट पाहिली ती त्या हट्टी माणसाने बोलावण्याची, आणि बोलावणारे आपणच होऊ शकलो असतो, असं काहीसं ते पुटपुटत होते.

घरी येऊन त्यांनी दाढीचं ब्लेड घेतलं आणि ठिगळ उसवायला बसले. पातं टाक्यांऐवजी कापडातच शिरत होतं, माझ्याच अंगाला जखम व्हायची. गोजरबाईने हात पुढे केला.

"द्या इकडं. माझे टाके तुमच्याच्याने नाही निघायचे."

तिने एकेक टाका उसवला. ठिगळ निघालं, आणि काय सांगू मित्रांनो! इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं, वारा लागला नव्हता, तो 'येगया' शब्द कालच रंगवल्यासारखा लालभडक! बाकी सगळं वाक्य फिकं आणि तो एकटा ताजा. उत्तमरावांनी त्यावर तळहात ठेवला आणि लहान पोरासारखे रडले.

एक मेला त्यांनी ठरवलं, इंद्रभानचा शब्द एकदा तरी फाट्यावर उघडा करायचा. मुलगा भागवत म्हणाला, "बाबा, लय तापलंय. लोक मोबाइलवर काढतील आन हसतील." उत्तमराव म्हणाले, "काढू दे. नांदुऱ्यात दिसलं पाहिजे." गावात चार घरी जाऊन आले. कुणाला लग्न होतं, कुणाला कंटाळा होता.

फाट्यावर ते एकटेच उभे राहिले. एक काठी हातात, दुसरी जमिनीवर. मी लोळागोळा होऊन पायाशी पडलेलो. समृद्धी महामार्गाकडे जाणाऱ्या गाड्या धूळ उडवत गेल्या. माझ्यावरचं एक अक्षरही कुणाला दिसत नव्हतं. उत्तमरावांनी दुसरी काठी दगडांत रोवून पाहिली, ती पडली. पुन्हा रोवली, पुन्हा पडली. मी म्हटलं, राहू द्या हो आता. पण माझं कोण ऐकतं!

तेवढ्यात डोक्यावर पदर ओढून गोजरबाई आली. तिने ती काठी उचलली आणि मागे मागे जात मला पुरता ताणला.

उत्तमराव बघतच राहिले. "तुला तर पटत नाही."

"अजून बी नाही पटत. माझं माहेर मी सोडणार नाही. धरा तुम्ही सरळ, लोंबून राह्यलंय तुमच्याकडून."

त्यांनी काठी सरळ धरली. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं तशीच उभी होती, एक राज्य मागणारा आणि एक न मागणारी.

मित्रांनो, राज्य होईल की नाही, मला ठाऊक नाही. ते तुम्ही मोठे झाल्यावर ठरवा. मी थकलोय, माझी मागणीही आता लहान झाली आहे. तुमच्या घरात, गल्लीत, कुणीतरी एक काठी धरून एकटं उभं असेल. त्याचं म्हणणं पटत नसेल तर भांडा, खुशाल भांडा. पण ते माणूस असेतोवर त्याच्याशी बोला, आणि दुसरी काठी धरा. एका काठीवरचा फलक कुणालाच वाचता येत नाही.