दोनशे चौदावी ओळ

रक्तपेढीत नाव नोंदवणाऱ्या दात्यांची यादी रोज सकाळी नोंदणीच्या टेबलावरच्या मावशी उघडत. वय अठ्ठावन्न. संगणक त्या पन्नाशीत शिकल्या, तोही सुनेच्या मागे लागून. त्या दिवशी यादी उघडताच पडद्यावर प्रश्न आला: ही फाईल बाहेर संपर्क साधू पाहते, परवानगी द्यायची का?

मावशींनी माउसवरचा हात काढला आणि तंत्रज्ञाला बोलावलं.

तो घाईत होता. "'हो' दाबा आणि मोकळ्या व्हा, मावशी. सगळे तेच करतात."

"नावांच्या यादीचं बाहेर काय काम आहे रे?"

मावशी एकेक ओळ तपासत गेल्या. दोनशे चौदाव्या ओळीत नावाचा चौकोन रिकामा दिसत होता. टिचकी मारताच वरच्या पट्टीत '=' या बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं लांबलचक सूत्र उमटलं. ऑनलाइन अर्जात कुणीतरी नावाऐवजी तेच भरलं होतं. 'हो' म्हटलं असतं, तर त्या सूत्रातून शेजारच्या रकान्यांतले फोन, पत्ते, आजार सगळं परक्याच्या हाती गेलं असतं.

दुपारपर्यंत तंत्रज्ञाने अर्जात असली चिन्हं बंद केली. त्याच्या लेखी विषय संपला.

मावशींच्या लेखी नाही. एक जुना संगणक घेऊन त्यांनी नेटची वायर काढली, सगळ्या नणंदा-जावांची नावं घालून खोटी यादी केली आणि तेच सूत्र त्यात ठेवलं. चार दिवस फावल्या वेळात ती फाईल हर प्रकारे उघडून पाहिली. पाचव्या दिवशी त्यांनी तंत्रज्ञाला हाक मारली.

"फाईल न उघडता नुसतं 'प्रिंट' म्हण."

त्याने म्हटलं. प्रश्न आलाच नाही. पडद्यावर थेट चूक आली: बाहेर संपर्क होऊ शकला नाही. म्हणजे न विचारताच प्रोग्रॅम दाराबाहेर पडू पाहत होता. तंत्रज्ञ खुर्चीत बसला. दहा वर्षांत हे त्याच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

त्याने प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना कळवलं. उत्तर आलं, वापरणाऱ्याने काळजी घ्यावी. तो हात टेकायला निघाला होता.

"घेऊ की काळजी," मावशी म्हणाल्या, "पण आधी प्रोग्रॅमने विचारायला तर हवं."

दोष कसा दिसतो याच्या नऊ पायऱ्या त्यांनी लिहून काढल्या, स्वयंपाकाची कृती सांगावी तशा. तंत्रज्ञाने एक शब्दही न बदलता त्या पाठवल्या. पाच आठवड्यांनी दुरुस्ती आली, आभाराच्या पत्रासह. दोष शोधणाऱ्याचं नाव आणि पद त्यात विचारलं होतं. तंत्रज्ञाने मावशींच्या नावापुढे 'संशोधक' लिहिलं.

"खोड ते. नोंदणी कारकून लिही."

त्याने खोडलं. पुढच्या सोमवारी मात्र त्याने प्रमुखांना गाठून नव्या कर्मचाऱ्यांसाठी मावशींचा तास ठरवून घेतला, आणि वही-पेन घेऊन स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसला.