झाकलेला चौकोन

ऑफिसात त्या तपासणीच्या यंत्रणेला सगळे ‘आत्या’ म्हणत. नाव ठेवलं होतं ती यंत्रणा बसवणाऱ्या मुलीनेच. घरात पाऊल टाकल्याबरोबर पडदा तिरका लावलाय, कपांची जागा बदललीय, असं बोलून दाखवणारी आत्या प्रत्येकाच्या नात्यात एखादी असतेच, आणि ही यंत्रणा अगदी तशीच होती. अ‍ॅपमध्ये कुणी काही बदललं की आत्या एकेका स्क्रीनचा फोटो काढायची, तो आधी मान्य झालेल्या जुन्या फोटोशी ताडून पाहायची आणि केसभर जरी फरक दिसला तरी तिथे गुलाबी रंग फासायची. पुढचं काम माणसाचं. तो फरक मुद्दाम केलेला असेल तर ‘मान्य’ म्हणायचं, की त्या क्षणापासून नवा फोटो खरा. नसेल तर चूक कळवायची.

अ‍ॅप होतं घरी कारागीर बोलावण्याचं. नळ, वीज, रंगकाम. दारावरची बेल वाजली की मोबाइलवर त्या कारागिराचा चेहरा पाहायचा, तोच माणूस असेल तर दार उघडायचं. आत्याला मात्र ताडून पाहायला रोज एकच कारागीर लागे. माणूस बदलला तर सगळीकडे फरकच फरक. म्हणून यंत्रणा बसवताना त्या मुलीने एक खोटा प्लंबर तयार केला आणि फोटो लावला आपल्या बाबांचा.

बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. फोटोसाठी त्यांनी शेजाऱ्यांकडून भलामोठा पाना मागून आणला, बाह्या दुमडल्या आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

“घरातला नळ कधीपासून टिपटिप करतोय,” आई म्हणाली, “आणि हे निघाले जगाचे नळ दुरुस्त करायला!”

“अगं, मी फोटोपुरता प्लंबर. खरंच कामाला हात लावला तर पोरीची कंपनी बुडेल.”

तेव्हापासून ती कामावरून आली की बाबांचा प्रश्न ठरलेला. “काय, आत्याबाईंनी आज मला काय नावं ठेवली?”

“तुमचा डावा कान एक ठिपका खाली सरकलाय म्हणे.”

“सरकणारच. वय झालं त्याचं.”

कधी ती टॅबलेट घरी आणायची आणि दोघं डोक्याला डोकं लावून फरक बघत बसायची. ती लहान असताना रविवारच्या पेपरातल्या दोन चित्रांवर अशीच बसायची, फरक ओळखायला. उत्तरातले सगळे फरक सापडले तरी बाबा पेन्सिल खाली ठेवत नसत. “या चित्रातला कुत्रा जास्त कंटाळलाय.” ती हिरमुसून म्हणायची, असं उत्तरात नाहीये. “मग उत्तर लिहिणाऱ्याने कुत्र्याकडे नीट पाहिलंच नाही,” असं म्हणून ते पेन्सिलीने कुत्र्याभोवती ठसठशीत गोल काढत.

पावसाळा संपता संपता बाबा गेले. आदल्या संध्याकाळी गप्पा मारल्या, सकाळी उठलेच नाहीत.

ती परत कामावर रुजू झाली तेव्हा कुणीतरी अक्षरांचा आकार वाढवला होता. सगळा मजकूर खाली सरकला होता, त्याबरोबर फोटोही. आत्याने आपलं काम चोख केलं होतं. बाबांच्या कपाळावर, डोळ्यांवर, हसण्यावर गुलाबी डाग पडले होते. तिने रिपोर्ट बंद केला. दुसऱ्या दिवशी काहीतरी वेगळं बदललं आणि पुन्हा तेच. शेवटी तिने तो भागच झाकून टाकला. घड्याळ, जाहिराती असे सतत बदलणारे भाग आत्याने बघू नयेत म्हणून त्यांच्यावर एक चौकोन ओढता येतो. त्याच्या आत काही का होईना, आत्या तिकडे ढुंकून पाहत नाही. तसा चौकोन तिने बाबांच्या चेहऱ्यावर ओढला. रिपोर्टमध्ये तिथे आता करडा ठोकळा दिसू लागला. तिला जरा हायसं वाटलं, आणि तिथे काय होतं असं कुणी विचारलंही नाही.

मग अ‍ॅपला नवं रूप देण्यात आलं. गोल फोटो जाऊन मोठे आयताकृती आले. आत्याने दाखवलेला प्रत्येक फरक मुद्दाम केलेलाच होता, सगळे ‘मान्य’ झाले. नवं रूप लोकांपर्यंत गेलं आणि तक्रारी सुरू झाल्या. लहान मोबाइलवर कारागिरांच्या चेहऱ्याऐवजी नुसतं कपाळ आणि केस दिसत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी तर खऱ्या प्लंबरला दाराबाहेरून परत पाठवलं. इकडे स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी!

वरिष्ठ बाई तिच्या टेबलाशी आल्या. “कपाळं दिसतायत गं सगळ्यांची. रस्त्यावरच्या माणसाला दिसतं, मग आत्याला कसं दिसलं नाही? डोळे आले होते का तिला?”

“मी झाकले होते.” तिने सांगून टाकलं. “फोटोवर चौकोन टाकला होता. माझे वडील आहेत ते.”

बाई खुर्ची ओढून बसल्या. “प्लंबरकाका तुझे वडील? मला वाटायचं, कुठून तरी विकत घेतलेला फोटो आहे.” मग हळूच म्हणाल्या, “हे बघ, दुसरा कुणाचा तरी लावू या. एखादं चित्र लावू. तुला रोज बघायला नको. पण चौकोन निघायला हवा.”

“चौकोन काढते. फोटोचं उद्या सांगू?”

“सांग.”

तिने चौकोन काढला आणि आत्याला पुन्हा कामाला लावलं. लहान मोबाइलवर बाबांचं नुसतं कपाळ दिसत होतं आणि त्याखाली पाच तारे. तिला हसू फुटलं, डोळे भरून आले तरी ती हसतच राहिली. तिने चूक कळवली. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. पुन्हा चालवल्यावर आत्याने सगळा फोटो गुलाबी केला, कारण चौकोनाखाली तिच्याकडे अजून जुना गोल फोटोच राहिला होता आणि नवा होता रुंद. आता ‘मान्य’ म्हणणं मुलीच्या हातात होतं.

तिने नवा फोटो मोठा केला. गोलात न मावणारं बरंच काही आता आत आलं होतं. बाल्कनीचा कठडा, वाळत घातलेला टॉवेल, आणि बाबांच्या खांद्याशी कुणाची तरी बोटं. कॉलर सरळ करून मागे होणारी, जराशी पुसट झालेली.

संध्याकाळी तिने टॅबलेट आईसमोर धरला. आईने चष्मा शोधला, पदराने पुसला, खूप वेळ पाहिलं.

“हात माझा आहे हा,” ती म्हणाली. “जन्मात कधी कॉलर सरळ ठेवली नाही या माणसाने.”

“आई, ऑफिसात विचारतायत, फोटो बदलायचा का.”

“का? काम नीट करत नाहीयेत का ते?”

“करतायत.”

“मग राहू देत की.”

तिने ‘मान्य’ दाबलं. आईने टॅबलेट स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

“लहान मोबाइलवर कसे दिसतात ते दाखव. आणि तो आडवा धरतात, त्याच्यावर?”

ती आईला चिकटून बसली आणि एकेक स्क्रीन उघडू लागली.