इथे आई नाही

बाईंनी लेकीला खांद्याला धरून मॅटच्या मधोमध उभं केलं आणि लांबू सरांना म्हणाल्या,

"मारा. हिलाच मारा. बाकीच्यांना नुसतं सांगून कळायचं नाही."

लांबू सरांचाही किकबॉक्सिंगचाच क्लास होता, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि शैलीही दुसरी. उंचीमुळे पोरांनी ठेवलेलं नाव त्यांनी मोठ्या मनाने स्वतःच्या पाटीवरच रंगवून घेतलं होतं. येत्या स्पर्धेत सगळ्या शैलींचे खेळाडू एकाच मॅटवर उतरणार होते, आणि कमरेखालच्या लाथा तर ज्याच्या त्याच्या वेगळ्या. म्हणून बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सकाळपासून सर एकेक करून दाखवत होते. एका शैलीत खुबा वळवून अख्खी नडगी मांडीवर आदळतात. एकीत बूट घालूनच खेळतात आणि बुटाच्या कडेने समोरच्याची नडगी सोलून काढतात. एकीत पुढे येणाऱ्याच्या गुडघ्याच्या वर सरळ टाच रोवतात, की गडी जागच्या जागी थांबलाच पाहिजे. मुलांनी सगळं हसतखेळत करून पाहिलं. आता शेवटची राहिली होती. गुडघ्याच्या खाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला बसणारी.

"ही दिसायला गरीब आहे," लांबू सर म्हणाले. "पण इथे मांस नाही. हाडाला लागून नस जाते. ही आली की पाय उचलायचा. सोसायची नाही."

"आमच्याकडे पाय उचलत नाहीत. रोवतात," बाई म्हणाल्या. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, सर."

"देवाला नसा नसतात, बाई."

मुलं खो खो हसली. बाईही हसल्या, पण लेकीकडे बघून त्यांनी बोट खाली केलं. रोव. लेकीने पाय रोवला.

बाईंच्या क्लासात नियम तसे बरेच होते, पण खरा एकच. कितीही लागलं तरी 'आई गं' म्हणायचं नाही. मुलं आपसात म्हणायची, आपल्याकडे तोंड दाबून लाथांचा मार. लेकीला हा नियम जरा जास्तच लागू होता. लहानपणी एकदा ती मॅटवर तोंडघशी पडली, 'आई गं' म्हणून रडली, आणि रडत रडत बाईंकडेच धावत आली. तेव्हा बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून म्हणाल्या होत्या,

"इथे आई नाही. बाई आहे."

सगळा क्लास हसला होता. पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हा किस्सा ऐकावा लागे, तोही खुद्द बाईंच्या तोंडून. लेक तेव्हापासून क्लासात बाई म्हणायला लागली आणि हळूहळू घरातही. "बाई, दूध उतू जातंय." पाहुण्यांना गंमत वाटे. बाईंनाही वाटे.

पहिली लाथ बसली. ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज झाला. लेकीचा चेहरा हलला नाही. दुसरी त्याच जागी बसली. तिसरीनंतर लांबू सर थांबले.

"लागतंय का गं?"

"नाही, सर."

"खरं सांग. तुझ्या चेहऱ्यावरून मला काही कळत नाहीये."

"कळता कामाच नये," बाई म्हणाल्या. "चालू द्या."

हे म्हणताना त्यांची मान किती ताठ झाली होती! पुढे ती मान आठवली की बाईंना स्वतःची शिसारी येई.

त्या संध्याकाळी घराच्या जिन्यात लेकीची चप्पल पायातून निसटून खाली गेली. पट्टा सैल झालाय, ती म्हणाली. बाईंनी पट्टा आवळून आणला. चप्पल पुन्हा निसटली, तेव्हा बाजारात जाऊन मागे बंद असलेली नवी जोडी आणली. "वेंधळी कुठली, स्पर्धा तोंडावर आलीय आणि हिला चप्पल सांभाळता येईना," म्हणून वर चिडवलंही. सकाळी स्वयंपाकघरात फरशीला काहीतरी घासल्याचा आवाज येई. लेक गुडघा जरा जास्तच उचलून चालायला लागली होती. क्लासात तिने पवित्रा बदलला, नेहमीचा पुढचा पाय मागे घेतला, तर बाईंनी सगळ्यांना थांबवून दाखवलं, "बघा, याला म्हणतात डोकं चालवणं." हॉलच्या त्या टोकाला कुणाची टाच अंगठाभर जरी उचलली तरी ज्यांना दिसायची, त्या बाईंना इतकं समोरचं दिसलं नाही.

मग एक दिवस लेक मॅटच्या काठाला अडखळून पडली. जवळपास कुणी नव्हतं.

"चवडा उचलून चाल," बाई म्हणाल्या.

लेक बसल्या जागी पायाकडे बघत राहिली.

"उचल म्हटलं ना?"

"उचलतेय, बाई."

पाय होता तसाच पडून होता.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली टिचक्या मारल्या, पावलावर कापूस फिरवला, लेकीला डोळे मिटून कुठे कळतंय ते सांगायला लावलं. नस चेचली गेलीय, म्हणाले. लागल्या लागल्या दाखवलं असतं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. आता वाट बघायची. पाऊल उचलेल, किंवा असंच राहील. स्पर्धेचं तर त्यांनी कुणी विचारायच्या आतच मान हलवून सांगून टाकलं.

घरी येताना बाईंनी विचारलं,

"बोलली का नाहीस?"

लेकीने आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. शिकवल्याप्रमाणेच वागल्यावरही बाई असं का विचारतायत, एवढंच तिला कळत नव्हतं.

"सोसत होते ना."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नियम मोडीत काढला. लागलं की ओरडायचं, 'आई गं' म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर म्हणून टाकलं, तेव्हा कुणी हसलं नाही. मुलं आधी लाजली, मग खोटं खोटं ओरडली, मग एकदा कुणाला तरी खरंच लागलं. प्रत्येक वेळी बाई दचकून भिंतीजवळच्या बाकाकडे बघत. तिथे लेक पायाला पट्टी बांधून बसलेली असे आणि मुलांच्या चुका सांगत असे. लाथा आता ती बाईंपेक्षा बरोबर ओळखायची.

संध्याकाळी घरी दोघी पाय घेऊन बसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळे मिटायला लावायचे, गुडघ्याखालून बोटांपर्यंत दाबत यायचं, कुठे कळतंय ते विचारायचं. दुखलं तर उत्तमच, म्हणाले होते. जन्मभर सोसायला शिकवलेल्या पोरीला दुखावं म्हणून बाई आता देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही, बाई."

बाईंनी अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबलं. घोट्याच्या वर, मग पावलावर, मग बोटांच्या मुळाशी.

"इथे तरी?"

"नाही."

बाईंचे डोळे भरून आले. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी ओठ मिटले, पण श्वासाने दगा दिला. त्यांनी डोळे पुसायला हात उचलला. तो हात गालापर्यंत पोचलाही नव्हता.

"आई गं," लेक म्हणाली.

तिचे डोळे मिटलेलेच होते. कपाळावर आठी पडली होती, नवख्या मुलांच्या कपाळावर पडे तशी, जरा जास्तच.

"दुखलं?"

"हो. थोडंसं. आत्ता दाबलंत ना, तिथे."

हवेतला हात हवेतच राहिला. समोर पाऊल उशीवर पडून होतं, आणि त्याला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं.

"बरं झालं," आई म्हणाली. "दुखतंय म्हणजे बरं होतंय."

मग तिने तो हात हळूच पावलावर ठेवला. लेकीला ते कळलं नाही.