खटखट थांबली की

सुनेने कीबोर्डवरून हात उचलले, हनुवटी मुठीवर टेकली, आणि पलीकडच्या खोलीत घंटी वाजली.

"बाबांना बघ गं," स्वयंपाकघरातून नवऱ्याने हाक दिली. घंटी तो ऐकणार, उठणार ही.

गंमत म्हणजे तिचं कामही ह्याच दुखण्यावरचं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात एखादं उपकरण हाक मारतं, ती एका प्रोसेसरच्या कानावर पडते आणि कामाला उठतो भलताच. त्याला आगापीछा ठाऊक नसतो, सगळं रखडतं. ज्याने ऐकलं त्यानेच उठावं, असा नियम ती बसवत होती. एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, मात्र अजून हट्टाने दुसऱ्याच प्रोसेसरकडे पळत होता. संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही, तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती.

मांडीचं हाड मोडून पडलेले सासरे टायपिंगचे मास्तर. त्यांची मागणी इवलीशी, उशी सरकव, पंखा कमी कर; पण विचार जुळत आला रे आला की घंटी ठरलेली. शेवटी सोमवारपासून त्यांची देखभाल करायला एक बाई ठेवायचं ठरलं. मास्तर "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आज तिचा तोल गेला. दारातूनच ती म्हणाली, "मी कामात असतानाच बरी वाजते हो तुमची घंटी!"

मास्तर ओशाळले. "कामात असलीस की वाजवत नाही गं मी. खटखट चालू असली, की घशाला कोरड पडली तरी थांबतो. बंद झाली की समजतो, झालीस मोकळी."

ती खाटेच्या कडेवर बसली. रागाची जागा मायेने कधी घेतली, तिलाही कळलं नाही.

"बाबा, खटखट म्हणजे नुसतं उतरवून काढणं. खरं काम हात थांबले की सुरू होतं."

"म्हणजे जन्मभर मी पोरांना उलटंच शिकवलं," मास्तर हसले. तिने दिलेलं पाणी त्यांनी घटाघटा संपवलं.

ती परतली. हात मांडीवर ठेवून बराच वेळ नुसती बसली. घरात चिडीचूप. आणि चूक सापडली. बोटं धावू लागली, पण पहिली ओळ पुरी होते न होते तोच घंटी वाजली. बिचारे केव्हाचे कळ काढून होते, कोण जाणे.

नवरा हात पुसत बाहेर आला. "मी जातो. मी ऐकली ना."

"राहू दे," ती उठत म्हणाली, "माझी आहे ती. तू त्या बाईंना नको म्हणून कळव."