लेझर माऊसची दसऱ्याची पूजा

माह्या नवऱ्यानं नवा लेझर माऊस आणला अन् घरात दुसरा विषयच नाई. "रंजीता, साधा ऑप्टिकल माऊस चकचकीत टेबलावर अडते. लेझर नाई अडत. बारीकातलं बारीक पाहते हा." मी म्हटलं, "मंग तांदूळ निवडाले बसवा त्याले." निकेशले राग आला. येऊ द्या. ब्रह्मपुरीतलं आमचं पोस्टरचं दुकान त्या जुन्या ऑप्टिकलवरच उभं राह्यलं, अन् त्यालेच यानं भंगारवाल्याले देऊन टाकलं.

दसरा झाला अन् दुसऱ्या दिवशी नथ्थूभाऊ आले. नाटक कंपनीचे मालक. नाटक मागच्या सालचंच, पण हिरोईन यंदा नवी, माही नणंद दिव्यानी. पोस्टरवर तिचा फोटो टाकाचा होता.

"चारच्या जीपनं वडश्याच्या प्रेसले गेलं पायजे," नथ्थूभाऊ बोलले. "नाई झालं तं मागच्या सालचंच पोस्टर छापतो. जुनी हिरोईन वापस याले तयारच हाय."

दिव्यानी कोपऱ्यात बसून होती. नाटकात गेली म्हणून तिची माय, म्हणजे माह्या सासूबाई अंजनाबाई, तिच्याशी एक शब्द बोलत नव्हत्या. जेवाले वाढत, पण ताट पुढं सरकवून निंगून जात.

निकेशनं माऊस धरला. स्क्रीनवरचा बाण हालेना. टेबल पुसलं. माऊस पुठ्ठ्यावर ठेवला, लग्नपत्रिकेवर ठेवला, शेवटी स्वतःच्या मांडीवर घासला. बाण आपला मधोमध, पाण्यात बसलेल्या म्हशीवानी.

"टेबलच बेकार हाय," निकेश बोलला.

"नाचता येईना, अंगण वाकडं! एवढा बारीक पाहणारा, अन् समोरचं दिसेना त्याले?"

नथ्थूभाऊनं घड्याळ पाह्यलं. दिव्यानीच्या डोळ्यात पाणी आलं. मले तिची अशी कीव आली, अन् निकेशचा असा संताप आला का मी त्याच्या हातचा माऊस हिसकला अन् उलटा केला.

पोटावर कुंकवाचा हा एवढा लपका. तुपात कालवलेला. वरून अक्षता.

"आई!"

सासूबाई मागच्या खोलीतून आल्या. "काय झालं व? दसऱ्याची पूजा केली. साऱ्याच अवजारायची करतो ना आपण."

"पण खालून काऊन?"

"वरून हात लागते, पुसून जाते. जुन्यालेबी मी दर साली खालूनच लावो."

"जुना तं कधी बंद नाई पडला!"

"त्याचा लाल दिवा दिसत होता बाई. दिव्यावर कोणी कुंकू थापते का? बाजूले लावो. याले दिवाच नाई. मले वाटलं, आंधळा हाय बिचारा."

निकेश हळूच बोलला, "याच्या लेझरचा उजेड डोळ्याले दिसत नाई."

"मंग तो उजेड कायचा?" नथ्थूभाऊ बोलले.

माहा राग काई उतरला नव्हता. "अवो, पण एवढं थापाचं?"

सासूबाई देवाची वात शोधाले लागल्या, माऊसचं पोट पुसाले. आमच्याकडे पाठ करूनच बोलल्या, "पोरीचं पोस्टर याच्यातूनच निंगणार म्हणे. म्हणून जरा जास्त लावलं."

दिव्यानीनं मान वर केली.

वातीनं पुसल्यावर बाण पळाले लागला. निकेशनं दिव्यानीचा फोटो पोस्टरच्या मधात टाकला, अन् मी म्हटलं तेवढा मोठा केला. नथ्थूभाऊ पेन ड्राइव्ह खिशात घालून जीपकडे पळाले. फोटो आमच्या स्क्रीनवर तसाच होता.

सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या अन् सरळ स्क्रीनकडे निंगाल्या.

"आई, नको!" निकेश वरडला.

त्या थांबल्या. वळल्या, अन् बोट दिव्यानीच्या कपाळाले टेकवलं. मंग घाबरून वाकून पाह्यलं.

"डोळ्यात नाई ना गेलं व?"

"गेलं," दिव्यानी बोलली, अन् मायच्या पदरानंच डोळे पुसत बसली.