नावाड्याची रेघ

काकांनी सकाळी तोंड उघडलं ते गव्हाणीपासूनच. म्हशीला धड गव्हाण नाही आणि गोठ्यामागे एवढी लाकडं वर्षभर पालथी पडलीत, हे कुठलं शहाणपण, असं त्यांनी आधी म्हशीला विचारलं आणि मग पुतणीला.

पुतणी गावच्या शाळेत मास्तरीण होती. लाकडं म्हणजे तिच्या बापाची नाव. नावाडी जाऊन वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून नावेला कुणी हात लावला नव्हता.

"सोमवारी सुतार येतोय करवत घेऊन," काका म्हणाले. "तरंगणारी नाव असती तर मी बोललो असतो का? वाळून कोळ झालंय सगळं."

मास्तरीण पिशवी उचलून शाळेत गेली.

शाळेत त्या दिवशी घमेलंभर पाणी आणि चिकणमाती होती. मातीचा गोळा टाकला, बुडाला. त्याच गोळ्याची वाटी केली, तरंगली. माती तेवढीच, वजन तेवढंच. पण वाटी पसरून जास्त पाणी बाजूला सारते, आणि जितक्या वजनाचं पाणी सारावं तितका जोर पाणी खालून लावतं. बारा पोरांच्या माना हलल्या. तेरावी हलली नाही, ती एका बुटक्या पोरीची. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं, म्हणून सगळे तिला पणबाई म्हणत.

"पण बाई, वाटी चिमुकली आहे म्हणून तरंगली. माणसं बसतील एवढी केली तर बुडेल."

मास्तरणीनं हातातली माती खाली ठेवली. गोठ्यामागे काय पडलंय ते तिला ठाऊक होतं.

दुपारी तेरा पोरांनी नाव उचलून नदीवर नेली. मुंग्यांनी मेलेला टोळ न्यावा तशी ती वरात गावातून गेली. काठाशी कंबरभर पाणी होतं. दोर झाडाला बांधून नाव सोडली, आणि फळ्याफळ्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. बघता बघता नाव काठोकाठ भरली. मागून आलेले काका पोट धरून हसले. पणबाई हसली नाही. तिला वाटलं, आपण बोललो म्हणून झालं हे.

मास्तरीण नावेकडे बघत राहिली. नावेत वाढलेल्या माणसानं असं विसरावं? लहानपणी एकदा बापानं नाव मुद्दाम पाण्यात बुडवलेली बघून ती रडत सुटली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "तहानलीय ती. उन्हानं फळ्या आकसल्यात. चार दिवस पोटभर पिऊ दे, मग बघ." दर वर्षी बुडवायचा आणि फुगलेल्या फळ्या एकमेकींना चिकटल्या की काढायचा.

"हसून झालं असेल तर दगड द्या काका," ती म्हणाली.

"दगड कशाला?"

"बुडवायचीय."

काकांनी कपाळाला हात लावला. बाप गेल्यापासून पोरगी घरात बोलत नव्हती, आता बोलली तर ही अशी.

पण पाणी भरूनही नाव तळाला जाईना. फळ्यांच्या कडा वर डोकावतच राहिल्या. का बरं, हे पणबाईनंच विचारलं आणि विचारता विचारता तीच म्हणाली, "लाकूड पाण्यापेक्षा हलकं आहे!" मग दगड मोजत टाकणं सुरू झालं. एकेचाळिसाव्या दगडाला नाव खाली बसली. वह्यांत आकडा लिहिला गेला. सोमवारपर्यंत रोज शाळा सुटली की पोरं आजारी माणसाला भेटायला जावं तशी काठावर जाऊन यायची.

सोमवारी सकाळी दगड काढले, पाणी उपसलं. सगळे वाकून तळाकडे बघत होते. एका कोपऱ्यात थेंब आला, थरथरला आणि तिथंच थांबला.

मग पोरं एकेक करून आत चढली. प्रत्येकागणिक पाणी किती वर चढलं त्याची मास्तरीण बाहेरून खडूनं खूण करत होती. सातव्या खुणेला तिचा हात अडखळला. वर, शेवाळाखाली, पटाशीनं कोरलेली एक आडवी रेघ होती. बापाची. ती ओली झाली की नावेत माणूस घ्यायचा नाही, मग तो पाहुणा असो की पुढारी. काकांच्या लग्नात त्यानं नवरदेवालाच काठावर ठेवलं होतं. बँडवाले आधी गेले. हे काका आजवर विसरले नव्हते. मास्तरणीनं रेघेवरचं शेवाळ अंगठ्यानं पुसलं आणि पोरांना काय ते सांगितलं.

तेरा पोरं बसली, मास्तरीण बसली, तरी रेघ कोरडी. खांद्यावर करवत घेऊन सुतार आला तोवर काकांचा धीर सुटला होता. गव्हाणीच्या लाकडाची नीट तपासणी करायला हवी, असं पुटपुटत ते नावेत चढले. पाणी भराभर रेघेकडे चढलं. पोरं खिदळली. काकांनी बसल्या जागी फळीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि मग तो तिथंच ठेवला.

सुतारालाही राहवेना. करवत काठावर टेकवून त्यानं एक पाय उचलला. पणबाई कडेवरून वाकून बघत होती.

"सुतारकाका, थांबा. रेघ ओली झाली."

सुतारानं काकांकडे बघितलं. "बोटभर पाण्यानं काय होतंय? आणि गव्हाणीचं काय?"

"रेघ दादाची आहे," काका म्हणाले. "माझं वऱ्हाड खोळंबलं होतं तिच्यापायी. तू कोण लागून गेलास? दुसऱ्या खेपेला ये."

खेप म्हणाले काका. मास्तरणीनं ते ऐकलं, मान वळवली आणि झाडाचा दोर सोडायला घेतला.