दादाची पडजीभ

एकोणीसशे चौसष्ट सालची गोष्ट. दादा तेव्हा काचेच्या कारखान्यात फुंकर मारायचा. लोखंडी नळीच्या एका टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा, दुसऱ्या टोकाला दादाचं तोंड. मी तिथंच कंदिलाच्या काचा गवतात गुंडाळून खोक्यात भरायची, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं.

दादाची पडजीभ एवढी लांब की जिभेवर टेकायची. तो घोरायला लागला की मांडणीवरची भांडी बोलायची. वहिनी म्हणायची, "वन्सं, आज तुमच्या भावाशेजारी तुम्हीच झोपा. मी भट्टीत जाते."

घोरणं चालून गेलं असतं. पण ऐन फुंकरीत घशात गुदगुल्या होऊन ठसका यायला लागला आणि काचेमागून काच फुकट जायला लागली. मुकादम म्हणाला, "उस्ताद, असंच चाललं तर नळी दुसऱ्याला देईन. तुम्ही कोळसा ओढा." मिसरूड फुटायच्या आधीपासून नळी धरलेल्या माणसाला!

वहिनीनंच हट्टानं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "नखाएवढं काम." खुर्चीत बसवून घसा बधिर केला, कात्री चालवली. नखाएवढं कुठलं, जवळजवळ सगळीच कापली.

सूज उतरली. ठसका गेला, घोरणंही गेलं. पण पाणी प्यायला की नाकातून यायचं, बोलणं गेंगाणं झालं. वहिनीला एका जागी बसवेना. घासलेलं भांडं पुन्हा घासायची. "मीच नेलं हो त्यांना," एवढंच घोकायची.

दादा कामावर गेला. नळी तोंडाला लावली, पण गालात वारा ठरेना, सगळा नाकातून फुस्स. गोळा फुगलाच नाही, लोंबून थंड झाला. मुकादम म्हणाला, "उद्या एकदा बघू. मग मात्र नाही."

संध्याकाळी दादा अंगणात येरझारा घालत होता. वहिनी दोरीवरचे कपडे काढत होती. एकदम थबकली. हातातला लाकडी चिमटा घेऊन आली आणि त्याच्या नाकाला लावला.

"अगं, काय हे?"

"बोलू नका. फुंका." तिनं शेकायची रबरी पिशवी त्याच्या तोंडाशी धरली.

पिशवी टम्म फुगली.

दुसऱ्या दिवशी दादानं भट्टीसमोर खिशातून चिमटा काढून नाकाला लावला. हशा पिकला. "उस्ताद, आमचा वास येतो काय?"

"येत होता. म्हणून तर लावला."

त्यानं नळी उचलली. माझे हात गवतातच थांबले. गोळा हळूहळू फुगला, गोल झाला, कुठं पातळ नाही की जाड नाही. मुकादमानं तो उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "पुढचा गोळा आणा रे."

पाणी नाकातून यायचं वर्षभरात थांबलं. चिमटा मात्र दादानं निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुकादम लेकाकडे राहायला गेला, तिथंच वारला. डॉक्टरांनी गाव बदललं, पुढं कळलं नाही. कारखान्याच्या जागी गोदाम आहे. मी खोकी भरता भरता गाडीवानाशी लग्न केलं आणि आता नातसुना पाहते आहे.

वहिनी नव्वदीला टेकली आहे. घरात कुणाचा टॉन्सिल सुजला तरी काठी टेकत डॉक्टरकडे जाते आणि आपलं बोट पुढं करते, "किती कापणार, आधी यावर दाखवा."